चौथी रेष

मी जळगावातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि सुट्ट्यांत पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जाते. माझे पीएच.डी.चे सर अजून तिथेच काम करतात. काम सांगायला सोपं आहे. हवा काढून घेतलेल्या नळीत एखादा रेणू वायुरूपात सोडायचा, त्यातून सूक्ष्मलहरी पाठवायच्या आणि तो नेमक्या कुठल्या लहरी शोषतो ते टिपायचं. आलेखावर तिथे रेषा उमटतात. प्रत्येक रेणूच्या रेषांच्या जागा ठरलेल्या. ती यादी घेऊन दुर्बिणीवाले दूरच्या वायूच्या ढगांत तो रेणू शोधतात.

त्या वर्षी आमच्या नळीत अमिनो आम्लाच्या एक पायरी आधीचा रेणू होता. सजीव घडायला लागणारा माल अवकाशात आधीच तयार असतो का, हे आम्हाला पाहायचं होतं. तो रेणू म्हणजे पांढरी पूड, तापवल्याशिवाय तिची वाफ होत नसे. मोजणी झाल्यावर यादी मी जळगावच्या खोलीत बसून चार महिने तयार केली आणि दुर्बिणीवाल्या एका गटाकडे पाठवली.

मार्चमध्ये सरांचा फोन आला. "तीन रेषा जुळल्या. पेपर लिहायला घेतलाय."

दोन दिवस मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. शनिवारी धुळ्याला आईवडिलांकडे निघाले. बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन दुर्बिणीचा आलेख उघडला. पारोळा मागे पडेपर्यंत मी तो तीनदा तपासला होता. माझ्या यादीतली चौथी रेष त्या तिन्हींपेक्षा ठळक असायला हवी होती. ढगाच्या आलेखात त्या जागी काहीच नव्हतं.

आणि मला नळीचा तळ आठवला. तापवताना पूड खाली तपकिरी झाली होती. मी ते पाहिलं होतं, नळी घासून ठेवली होती आणि वहीत लिहिलं नव्हतं. पूड जळून दुसराच रेणू तयार झाला असेल, तर जुळलेल्या रेषा त्याच्या असणार. त्या कुठल्याच जुन्या यादीत नव्हत्या, म्हणून मी त्या आमच्याच धरल्या होत्या.

घरी पोचल्यावरही मला एका जागी बसवेना. ताटावरून दोनदा उठले. वडील एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते, आता निवृत्त आहेत.

"तुनं ध्यान कोठे शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग स्वतःचं सांगितलं. एका वर्षी कपाट धुताना दोन बाटल्यांची लेबलं निघाली. त्यांनी ती अंदाजाने चिकटवली. दुसऱ्या दिवशी बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

"मग काय केलं, आबा?"

"सकाळी सरस्ले सांगी दिन्हं. बठ्ठ्या बाटल्या तपासना पडल्यात. सर महिनाभर मनासंगे बोलनात नही."

"सगळ्या तपासल्या? लेबलं चुकली होती?"

"हा. चुकेलच व्हतीत."

मी गच्चीवर जाऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. "सोमवारी पेपर पाठवणार होतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "ये."

रविवारी चाळीसगावहून पुण्याची गाडी धरली. तीन दिवस आम्ही तापमान थोडं थोडं उतरवत मोजणी केली. सर कामापुरतंच बोलत. तापमान उतरलं तशा त्या तिन्ही रेषा मावळत गेल्या, चौथी तशीच राहिली. म्हणजे चौथी खरी आमची होती. बाकीच्या जळालेल्या पुडीतून झालेल्या रेणूच्या होत्या आणि तो रेणू अवकाशात असल्याचं आधीच माहीत होतं, फक्त त्याच्या या रेषा अजून कुणी मोजल्या नव्हत्या.

पेपर थांबला. दुर्बिणीच्या गटातल्या ज्या मुलीचं नाव त्यावर पहिलं येणार होतं, तिचा फोन आला. "मॅडम, तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलं असतं तर..." एवढं बोलून ती थांबली. मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली, पण तिच्या आवाजात ते ठीक नव्हतं.

दुरुस्त यादी घेऊन तिने पुन्हा सहा महिने शोधलं. रेणू सापडला नाही. त्या ढगात तो असलाच तर अमुक इतक्यापेक्षा कमी आहे, असा छोटा पेपर छापून आला. त्यावर तिचं नाव पहिलं होतं.

दिवाळीत वडिलांनी विचारलं, "सापडनं का मंग?"

"नाही."

"म्हंजे तठे नही शे?"

"तेही सांगता येत नाही, आबा. आम्हाला दिसण्याइतका नाही, एवढंच."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. आता आम्ही जास्त मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागितला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. तास संपला की स्टाफरूमपर्यंत जायलाही मला धीर निघत नाही, जिन्यातच मी मेल उघडते.