खरवड्याचं पोवळं

गोदीत त्याला सगळे खरवड्या म्हणत. तीस वर्षं त्यानं बोटींची बुडं खरवडली होती. दम असा दांडगा, की तो बुडी मारायचा तेव्हा वरचा गडी विडी पेटवायचा आणि ती संपली की हा वर यायचा. म्हणून तर पोवळ्याचे खडक राखणाऱ्या सरकारी खात्यानं त्याला कामावर घेतलं.

वादळात मोडलेला खडक खात्याला पुन्हा उभा करायचा होता. दोन पुरुष खोल पाण्यात लोखंडी चौकटी रोवलेल्या, त्यांवर पोवळ्याचे बोटाएवढे तुकडे बांधलेले. चौकटींना धरलेलं शेवाळ काढायचं, एवढंच काम.

"काका, स्वच्छ ठेवा म्हणजे झालं," खात्याच्या बाई म्हणाल्या.

पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, एवढंच याला ठाऊक. तुकड्यांवर तपकिरी थर दिसला तशी त्यानं तारेचा ब्रश काढला आणि एक अख्खी चौकट दातासारखी पांढरी करून सोडली.

बाई खाली जाऊन आल्या आणि बोटीच्या कडेला बसल्या.

"काका, तुकडेसुद्धा घासलेत?"

"चकचकीत केलेत."

"ती त्याची कातडी होती हो. जिवंत आहे ते."

घरी बायको म्हणाली, "जित्याची खोड म्हणतात ती हीच. उद्या पाळण्यातलं पोर दिलं तरी खरवडाल."

खात्यानं तीन महिन्यांची मुदत घातली. त्या चौकटीवर काही जगलं तर ठीक, नाहीतर चौकटही उचलायची आणि खरवड्यालाही.

तो रोज उतरू लागला. ब्रश बोटीतच राहायचा. पांढऱ्या तुकड्यांवर शेवाळ बसू पाही, ते तो बोटाच्या पेरानं, डोळ्यातलं कुसळ काढावं तसं काढी. एकेक तुकडा तरीही काळवंडत गेला.

अकराव्या आठवड्यात एका तुकड्याच्या बेचक्यात, ब्रश पोचला नव्हता तिथं, नखाएवढं तपकिरी दिसलं. बाईंचं भिंग घेऊन तो परत खाली गेला. त्या नखाएवढ्या जागेत पंधरा-वीस तोंडं होती. सुईच्या टोकाएवढी. प्रत्येकाभोवती बोटं, आणि ती बोटं पाण्यातलं काहीतरी धरून तोंडात घालत होती. इवल्याशा तोंडांनी खडकाचा एवढा डोंगर रचला होता, आणि हा त्यांच्यावरच तारेचा ब्रश चालवून मोकळा झाला होता.

वर बोटीतल्या गड्याची विडी संपली. दुसरी पेटवायला त्याचा हात होईना. बाई पाण्यात उडी घेणार, तोच खरवड्याचं डोकं वर आलं.

"काय झालं, काका?"

धाप लागलेली, तरी तो दबक्या आवाजात म्हणाला, "बोट जरा लांब घ्या. जेवायला बसलंय ते."