काकूंची मिस्सा

मेणबत्तीकाकांनी जन्मभर चर्च झाडलं, घंटा वाजवली, फरशीवर सांडलेलं मेण खरवडलं आणि मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या वेळी फादरांच्या हातावर पाणी घातलं. स्वभावाने कुरकुरे, पण एका शब्दाच्या बाबतीत फारच कडक. तारे टांगले, केक कापला, झाला ख्रिसमस, असं कुणी म्हटलं की ते खेकसायचे, "ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा. शब्दाच्या पोटातच प्रार्थना आहे. ती काढली की उरते नुसती खादाडी." एका म्हाताऱ्या फादरांनी त्यांना हे तरुणपणी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी ते इतक्यांना ऐकवलं, की काकू म्हणायच्या, भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल.

यंदा तीच मिस्सा गळ्याशी आली. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या, नजर जवळजवळ गेली होती. डॉक्टरांनी काकांना जिन्यात गाठून सांगितलं, आजचा दिवस निघाला तरी पुष्कळ. काकूंचं मागणं एकच होतं, नाताळची मिस्सा ऐकून जायचं. आणि ऐन नाताळच्या दिवशी फादर न्यूमोनियाने दवाखान्यात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

काकांनी सकाळपासून आसपासच्या सगळ्या चर्चना फोन लावले. सगळीकडे नन्नाचा पाढा. त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष, सणाच्या दिवशी एकेकाच्या गळ्यात दोन-दोन चर्च. एक तरुण फादर परवा येतो म्हणाले.

"परवा ती नसेल हो, फादर," काका म्हणाले आणि फोनवरच हमसून रडले.

दुपारी त्यांनी चर्चचं कपाट उघडलं आणि फादरांचा पांढरा झगा काढला. ज्या माणसाने कधी चर्चच्या मेणबत्तीचं टोकसुद्धा घरी नेलं नाही, तो झगा काखोटीला मारून चोरासारखा मागच्या दाराने निघाला. करणार काय? जीव जात होता बायकोचा आणि अक्कल गहाण पडली होती काकांची.

झगा घालून, आवाज घोगरा करून ते खोलीत शिरले. काकूंनी हात जोडले. सुरुवातीच्या प्रार्थना झाल्या, शुभवर्तमानातला उतारा म्हणून झाला. काकांना सगळं तोंडपाठ होतं. मग त्यांनी भाकर हातात घेतली आणि ते तिथेच थांबले. पुढचे शब्द भाकरीला ख्रिस्ताचं शरीर करणारे, ते दीक्षा घेतलेल्या फादरांनीच म्हणायचे. मरणाऱ्या बायकोपुढे देवाच्या नावाने खोटं बोलायचं?

"अडलात ना?" काकू म्हणाल्या. "नवऱ्याची पावलं मला ओळखू येत नाहीत होय?"

काका मटकन पलंगाच्या कडेवर बसले. कुणीच मिळालं नाही गं, एवढंच त्यांना म्हणता आलं.

"भाकर राहू द्या. शेवटचं तेवढं म्हणा."

मिस्सा हा शब्द आलाय त्या शेवटच्या वाक्यातूनच. पूर्वी लॅटिनमध्ये फादर लोकांना म्हणायचे, जा, तुम्हाला निरोप आहे. त्या निरोपावरूनच अख्ख्या विधीला नाव पडलं. हा भाग काका बाहेर कुणाला सांगत नसत. सणाच्या दिवशी निरोपाचं कोण ऐकणार? लग्नाच्या नव्या दिवसांत एकट्या काकूंना सांगितला होता.

"ते मी कसं म्हणू?"

"निरोप द्यायला फादर कशाला लागतात? घरचं माणूस चालतं."

काकांनी बायकोला जन्मात कधी 'जा' म्हटलं नव्हतं. ती बाजाराला निघाली तरी 'ये' म्हणायचे.

"शांतीने जा."

"देवाचे आभार," काकूंनी ठरलेलं उत्तर दिलं आणि डोळे मिटले.

काकांनी झटकन त्यांचा हात धरला. "नको गं," ते म्हणाले, "थांब. परवा फादर यायचेत."