तापात चाललेली वाट

त्या वर्षी वैशाखात मला मुदतीचा ताप आला. मी संग्रामपूरच्या शाळेत मास्तर होतो, वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं, आणि माझ्या रजेचा कागद कुठल्या कुठल्या कचेऱ्या फिरून मंजूर होऊन आला तेव्हा मी अर्धा बरा झालो होतो.

माझी खाट खिडकीशी होती. खिडकीतून उत्तरेला सातपुडा दिसायचा, उन्हाच्या झळांमध्ये हलणारा, पाण्यात बुडवल्यासारखा. तापात मी रोज त्यावर चढत असे. पायाखालचे दगड मऊ लागायचे. वर गेलं की एक सपाट मैदान यायचं. तिथं पांढरी गुरं चरत असायची आणि त्यांच्या पलीकडे कुणीतरी पाठमोरं बसलेलं असायचं. मी हाक मारणार तेवढ्यात आई कपाळावरची पट्टी बदलायची आणि मी पुन्हा खाटेवर यायचो.

ताप उतरला, केस गळाले. आषाढात भिंत धरून चाललो, श्रावणात ओढ्यापर्यंत. ते मैदान मात्र डोक्यातून गेलं नाही. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीबाहेर बघत बसे.

माझी मोठी बहीण चिखलदऱ्याला होती. तिचे यजमान जंगल खात्यात कारकून होते. थंड हवेला चार दिवस ये, असं तिनं लिहिलं. सगळे जातात तसा अमरावतीपर्यंत आगगाडीनं आणि पुढं मोटारीनं जाईन, असं मी आईला सांगितलं. कार्तिकात निघायच्या सकाळी तिनं माझ्यापुढं ज्वारीच्या पिठाची पिशवी ठेवली, मिठाची पुडी, जवसाची चटणी आणि वडिलांची जुनी घोंगडी.

"गाडीत एवढं पीठ कशाले?" मी विचारलं.

"तूच सांग," ती म्हणाली. "गाडीत काय भाकरी थापत बसशीन?"

मी पिशवी उचलून घोंगडीत गुंडाळायला लागलो. मी डोंगरातून पायी जाणार हे तिला कसं कळलं, ते मी कधीच विचारलं नाही.

"वानीचं पाणी सोडू नको," ती म्हणाली. "आन दिवस बुडायच्या आत जाळ कर."

वान नदीच्या काठानं मी डोंगरात शिरलो. पहिल्या दिवशी दर अर्ध्या कोसाला बसावं लागलं. ऊन कलतं होऊ लागलं की सागाच्या दोन झाडांमध्ये ताडपत्री बांधायची, लाकडं गोळा करायची, पितळीत पीठ मळायचं. भाकरी एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची, तरी मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचो. दुपारी पाण्यात पाय सोडून बसलो की डोळे मिटायचे आणि उघडले तरी फारसा फरक पडायचा नाही. तीच हिरवी सावली, तोच पाण्याचा आवाज. बुधवार आहे की गुरुवार, याचं भान तिसऱ्या दिवसापासून सुटलं.

चौथ्या सकाळी ओल्या वाळूत वाघाचं पाऊल दिसलं. त्याच्या खळग्यात पाणी अजून भरत होतं. मी ते जमत जाणारं पाणी बघत उभा राहिलो, एखादं चित्र बघावं तसा. मग वाघ जवळच असणार, हे एकाएकी ध्यानात आलं. काय करावं सुचेना, म्हणून शाळेतल्यासारखी मोठ्यानं दिडकी म्हणायला लागलो. एक दिडके दीड, दोन दिडके तीन. ती शंभरापर्यंत झाली की पावकी. दुपारपर्यंत तसाच ओरडत चढत गेलो आणि चढ संपला तेव्हा घसा बसला होता.

वर पठार होतं. पांढरं धुकं जमिनीला टेकून सरकत होतं आणि धुक्यातून गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजत होत्या. मी थबकलो. पुढं एक माणूस पाठ करून बसलेला होता.

हाक मारली. बसलेल्या घशातून नुसती हवा आली, तरी त्यानं मागं पाहिलं. म्हातारा कोरकू होता, विळ्यानं कुटकी, तिथलं वरईसारखं बारीक धान्य, कापत होता. गुरंही पांढरी नव्हती, काळी-तांबडी होती.

"एकटा काऊन फिरून राह्यला?" त्यानं तोडक्या वऱ्हाडीत विचारलं.

बसून मी त्याला सगळं सांगितलं, कुजबुजत. ताप, खिडकी, मैदान. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो हसला नाही. कापलेली पेंढी बाजूला ठेवून म्हणाला, "माह्या बायकोलेही ताप आला होता. रोज म्हणे, मले त्या टेकडीवर ने. आम्ही खाटेवर टाकून नेली."

"काय होतं तिथं?"

"काही नाही. गवत. तिनं एक आंबा खाल्ला आन झोपली."

"बरी झाली?"

"झाली ना. ते पाह्य, येऊन राह्यली."

धुक्यातून एक ठेंगणी म्हातारी डोक्यावर मडकं घेऊन येत होती आणि दुरूनच त्याच्यावर ओरडत होती. काम सोडून बसलास म्हणून असावं. कोरकू भाषा मला कळत नव्हती. मडक्यात कुटकीची पेज होती. पानाच्या द्रोणात तिनं मला तीनदा वाढली आणि माझ्या काड्यांसारख्या पायांकडे बघत नवऱ्याला काहीतरी म्हणाली. दोघंही खूप हसले. मी पण हसलो.

दोन दिवस मी तिथंच राहिलो. त्याच्या शेजारी बसून कुटकी कापली, वाईट कापली. धुकं सकाळी यायचं, उन्हं वर आली की विरायचं, आणि पठार रोज नव्यानं मांडल्यासारखं दिसायचं. तिसऱ्या सकाळी म्हाताऱ्यानं पूर्वेकडची वाट दाखवली आणि पहिल्या टेकाडापर्यंत सोबत आला.

पुढं पाच दिवस चाललो. त्या दिवसांचं फारसं आठवत नाही. उतारावरचं पिवळं गवत, वाटेवरच्या पाड्यात कुणी दिलेलं ताक, इतकंच. पाय मात्र दुखायचे थांबले होते.

बहिणीनं दार उघडलं तेव्हा आधी तिला वाटलं, कुणी मागायला आलंय. मग रडली, मग रागावली, मग गरम पाण्यात माझे पाय सोडून समोर बसली. तिच्या अंगणामागं कॉफीची झाडं होती. तिनं पितळेच्या पेल्यात कॉफी आणून दिली. मी कधी प्यालो नव्हतो.

"कशी लागते?"

"कडू," मी म्हणालो आणि दुसरा पेला मागितला.