फुलायच्या आत

आमची आक्का माणसांच्या तोंडाकडे कधी बघतच नसे. तिची नजर कायम पायाखाली. वाटेत कुणी हाक मारली तर ‘कोण त्यो?’ म्हणून विचारायची, आणि नाव सांगितलं तरी तिला ओळख पटायची ती रानावरून. ‘व्हय व्हय, त्यो पिवळ्या धोतऱ्यावाला न्हवं का? लई माजवलाय बांध.’ गावातल्या निम्म्या पुरुषांना ती त्यांच्या बांधावरच्या तणाने ओळखत असे. आता ती पुण्याला लेकाकडे असते, चौथ्या मजल्यावर. तिथे पायाखाली फरशी असते, त्यामुळे माणसांकडे बघावं लागतं म्हणून कुरकुरते.

नात्याने ती माझी थोरली जाऊ. पण आम्हा दोघींचं माहेर एकाच गल्लीतलं, म्हणून मी तिला पहिल्यापासून अगं-तुगंच करत आले. मंद्रूपच्या शिवारात ओढ्याकाठी तिच्या वाटणीचं काळं रान आहे. वाटणीत आलं तेव्हा त्यात कुंदा आणि हराळी इतकी माजलेली की औत पुढे सरकेना. त्यातच थोरले भावजी गेले. आक्काने मग उन्हाळ्यामागून उन्हाळे कुदळ चालवली. ढेकूळ फोडायचं, आतली पांढरी मुळी हाताने वेचायची, बांधावर वाळवून जाळायची. लोक म्हणायचे, बाईला खूळ लागलंय. पुढे त्याच रानात छातीएवढी शाळू ज्वारी उभी राहिली, तेव्हा तेच लोक हुरडा खायला आले.

पिशवीत तिचं खुरपं कायम असायचं. एकदा आम्ही वेळापूरला लग्नाला गेलो होतो. अक्षतांची वेळ झाली तरी आक्काचा पत्ता नाही. बघते तर बाईसाहेब नवीकोरी इरकल खोचून मांडवामागे उकिडव्या बसलेल्या, आणि समोर उटकटारीचं झाड. पानापानाला काटे, शेंड्याला काटेरी गोल बोंड, आणि मुळी अशी खोल की वरून कापलं तर महिन्यात दुप्पट फुटतं. नवरीची मावशी म्हणाली, ‘आवं, हे काय तुमचं रान हाय का?’ आक्का मान वर न करता म्हणाली, ‘बी वाऱ्यावर उडतंय बाई. त्याला मंद्रूप काय लांब हाय?’

या उटकटारीशी तिचं वैर होतं, आणि ते बापूमुळे झालं असं तिचं म्हणणं. बापू म्हणजे तिचा बांधाशेजारी, मेंढरं राखणारा. आमच्याकडे ज्वारी निघाल्यावर रानात मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत होतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. बापूची मेंढरं त्या साली दूरच्या माळावरून फिरून आली होती. ‘जरा थांब, आक्का, लोकर कातरू दे,’ तो म्हणत होता. पण हिला कोण थांबवणार? तिने हट्टाने मेंढरं बसवून घेतली, आणि लोकरीत अडकून आलेलं बी पुढच्या पावसाळ्यानंतर बांधाकडच्या पट्ट्यात उगवलं.

‘लोकर झाडून आणायला काय झालं हुतं?’ आक्का कडाडली.

‘मेंढरं झाडत्यात व्हय कुनी?’ बापू म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पण बांध एकच, त्यामुळे बोलल्याशिवाय चालेना. मग बापूच्या कुत्र्याला, खंड्याला, मध्यस्थ केलं गेलं. ‘खंड्या, मालकाला सांग, मेंढरं तिकडनं वळव.’ ‘खंड्या, आक्काला सांग, बांध सामायिक हाय.’ खंड्या आळीपाळीने दोघांकडे बघत शेपूट हलवायचा. भाकरी त्याला दोन्हीकडून मिळायची, तेव्हा भांडण मिटू नये असंच त्याला वाटत असणार.

उटकटारीबद्दल आक्काचं एकच म्हणणं होतं. ‘फुलायच्या आत काढली तर काढली. फूल दिसलं की म्होरली सगळी वर्सं तिची.’ दरवर्षी संक्रांतीच्या आत ती तो पट्टा एकटीने खणायची. बापू पलीकडे काठीला रेलून बघत उभा. खुरपं धरणं त्याला कमीपणाचं वाटे. ‘मेंढका उभ्यानं जगतो,’ असं तो सगळ्यांना सांगायचा.

गेल्या मार्गशीर्षात आक्काचा पाय बांधावरून घसरला आणि खुबा मोडला. लेक गाडी घेऊन आला. गाडीत आडवं केल्यावर तिने माझा हात धरला. ‘माझं हाड जुळंल गं. पर बांधाकडं उगवल्यात बघ. फुलल्या तर समदं केलेलं वाया गेलं.’ माझ्या कंबरेला कायमचा पट्टा, वाकायची सोय नाही. खुरपायला बायका शोधाव्या तर निम्म्या अकलूजकडे ऊसतोडीला गेलेल्या. ती पुण्याहून रोज फोन करायची, ‘काढल्या का?’ मी ‘बघते’ म्हणायचे. ‘बघते’ म्हणजे काय ते तिला चांगलंच कळत होतं.

भोगीच्या दिवशी तिने फर्मान काढलं, ‘रान दाखीव मला. फोनवर दिसतंय म्हनं.’ मी निघाले खरी, पण पाय उचलेना. तिला दाखवायचं तरी काय?

ज्वारी हुरड्यात आली होती. बांधाच्या बाजूला एक पांढरं मुंडासं हलताना दिसलं. जवळ गेले तर बापू. उकिडवा बसलेला, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी उपटलेल्या उटकटारीचा ढीग, आणि ढिगापाशी खंड्या.

‘बापू, तुम्ही?’

‘मंग? फुलू देऊ काय?’ त्याने मान वर केली नाही.

मी फोन लावला आणि रानाकडे धरला. बापूने फोनकडे पाठच ठेवली होती. ‘खंड्या, सांग तिला, एक बी फुलली न्हाय.’

फोनमधून नेहमीचा करडा आवाज आला, ‘खंड्या, मालकाला इचार, वरनं कापल्या का मुळासकट?’

आवाज ऐकताच खंड्या उठला आणि माझ्याभोवती तिला शोधत फिरू लागला. बापूने पाठमोऱ्यानेच हातातलं झाड उचलून दाखवलं. मुळी अर्ध्यातच तुटलेली होती.

‘बापू,’ आक्का म्हणाली. खंड्याला नाही, त्यालाच. ‘निम्मी खालीच ऱ्हायली की रं. खोल खण.’

बापू पहिल्यांदाच फोनकडे वळला.

‘खणतो की, आक्का,’ म्हणाला, आणि त्याने त्याच खड्ड्यात पुन्हा खुरपं घातलं.