काकूंची विळी

समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हाडावर धातूची टोपी बसवली. इतक्यात जमिनीवर बसलात तर सांधा निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी दुपारी भाजी द्यायला जाते, तर ओट्यावर ताजा खवलेला नारळ आणि विळी ओली. खाली बसल्याशिवाय विळी चालते का?

"मिक्सरमध्ये केलं गं," म्हणत काकू चष्मा पुसू लागतात. मिक्सरवरचं फडकं हललेलंही नसतं. त्यांना बोलायचं माझं धाडस होईना. काल मी विळी मिटून पदराखाली घरी आणली.

आज काकू चष्मा न पुसता माझ्या पदराकडे बघत म्हणाल्या, "वटार गावाहून नारळ आलेत. तुझ्याकडे विळी आहे ना गं? आता तर दोन असतील."