मुळांच्या बाई

मुळांच्या बाई कुणाकडेही गेल्या, की आधी कुंडी उपडी करायच्या. 'बसा' म्हणेपर्यंत मातीसकट रोप त्यांच्या तळहातावर! "फुलं काय, कुणीही बघतं हो," म्हणायच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या.

रोप लावताना त्या मुख्य मुळाचं टोक नखाने खुडायच्या. मी कळवळायचो. "अरे, हे टोक बाकीच्यांना दाबून ठेवतं. ते गेलं की बघ बाजूने कशी फुटतात!"

सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि अंगणातलं त्यांनी लावलेलं जामाचं झाड तोडायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "झाड जाईल, पण त्याचं लेकरू मी नेणारच." त्यांनी फांद्यांवर गुट्या बांधल्या. सालीचं कडं काढलं, वरच्या काठाला मुळं फुटायची पावडर चिमूटभर लावली, भोवती ओलं शेवाळ आणि प्लास्टिक गुंडाळलं. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खाली उतरताना तिथे अडतं, त्याला पावडरीची जोड मिळते आणि मुळं फुटतात, असं त्यांनी समजावलं.

आमच्या सेक्रेटरींना ती चिमूट काही पटेना. बाई लेकीकडे ठाण्याला गेल्या आणि यांनी गुट्या उघडून पावडरीची अख्खी डबी त्यांत संपवली. "डबल डोस मारलाय, बाई!"

फांद्यांना नुसत्या गाठी आल्या. मूळ एकही नाही. बाई कडाडल्या, "अहो, पाहुण्याला वाढताय की कोंबताय? जास्त झालं की तेच संप्रेरक मुळांना अडवतं!" घरं रिकामी करायची तारीख तोंडावर आली होती. सेक्रेटरींचा चेहरा बघवत नव्हता.

बाईंनी दुसऱ्या फांद्या निवडल्या, नखावर मावेल एवढीच पावडर घेतली आणि शिडी धरायला सेक्रेटरींनाच उभं केलं. सामानाचे टेम्पो दारात लागले त्या आठवड्यात प्लास्टिकमधून पांढरीशुभ्र मुळं दिसली. "आली रे, आली!" सेक्रेटरी ओरडले आणि अख्खी बिल्डिंग खाली धावली. दिवा, कल्याण, ठाणे, जो जिथे भाड्याने गेला तिथे एकेक गुटी गेली.

नव्या घराच्या चाव्या घ्यायला आम्ही आपापले जाम घेऊनच परतलो. अंगणात कुणाचा लावायचा? बाईंनी काठी टेकत एकेक कुंडी आडवी करायला लावली. सेक्रेटरींची मुळं सगळ्यांत दाट निघाली. "पास!" बाई म्हणाल्या, आणि काय टाळ्या पडल्या!

त्या झाडाचे पहिले जाम बाईंनी मीठ लावून खाल्ले. आता बाई नाहीत. गुट्या बांधायला सेक्रेटरी शिकवतात, आणि कुणी जास्त पावडर घेतली की अंगणभर त्यांचा आवाज घुमतो, "अहो, पाहुण्याला वाढताय की कोंबताय?"