रितूला ऐकू आलेला शब्द

सुरुवातीलाच सांगतो, मी अशा अनुभवांच्या या ग्रुपवर फक्त वाचायला येतो, आणि बहुतेक वेळा वाचून हसतो. माझा धंदाच आवाजाचा. हिप हॉपचे बीट्स बनवतो, रॅपर्सची गाणी रेकॉर्ड करतो — कुठल्या कंपनीचा नाही, स्वतःचा स्वतः. कुठे खरखर आली तर ती कुठल्या वायरमधून आली हे सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. त्यामुळे ‘आवाज आला, पण तिथे कुणीच नव्हतं’ असं कुणी लिहिलं की मी मनात म्हणतो, अर्थिंग तपासा. फक्त हा एक प्रसंग... इथे माझं तपासणं संपलं.

बाबा फौजेत होते, बँडमध्ये. साइड ड्रम वाजवायचे. आमचं गाव साताऱ्याकडचं, पण माझं बालपण दिल्ली कॅन्टच्या क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. रिटायर होताना त्यांनी दिल्लीच्या हद्दीलगत, गाझियाबादच्या इंदिरापुरमला फ्लॅट बुक केला. तेव्हा तिथे नुसती शेतं, खड्डे आणि बिल्डरांचे रंगीत बोर्ड. रविवारी आम्हाला स्कूटरवर न्यायचे आणि हवेत बोट दाखवून म्हणायचे, “ती बघ, तिथे वर तुझी खोली.” पझेशन मिळालं तेव्हा बाबा नव्हते. आई आणि मी दोघंच राहायला गेलो.

ती खोली माझा स्टुडिओ झाली. असेंबल केलेला कॉम्प्युटर, एकुलता एक माइक आणि भिंतीतलं कपाट. कपाटाच्या फळ्या काढून आत रजया ठोकल्या होत्या, रॅपर त्यात उभा राहून गायचा. आई म्हणायची, लोक कपाटात कपडे ठेवतात, हा पोरं ठेवतो.

रितू गाझियाबादची. कॉलेजात होती तेव्हापासून हिंदीत रॅप लिहायची. तिची आई नोएडाच्या एका एक्सपोर्ट फॅक्टरीत शिवणकाम करायची, तिच्यावर रितूने एक गाणं लिहिलं होतं. त्याला मी बाबांच्या ड्रमच्या काठ्या घेऊन बीट बनवला — परेडच्या चालीसारखा. पण त्यात एक अडचण होती. शब्द ठोक्यावर नाही, त्याच्या किंचित आधी उचलायचे होते. रितू दर वेळी मागे पडायची.

त्या दुपारी ती शेवटची आली होती. दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी बंगळूरला निघणार होती. मीही आईला शब्द दिला होता, की सोमवारपासून गुडगावच्या कॉल सेंटरला जातो. हे गाणं आज झालं नाही तर पुन्हा कधीच होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

टेकवर टेक वाया गेले. शेवटी कपाटाचं दार उघडून ती म्हणाली, “रहने दो भैया, मुझसे नहीं होगा.” डोळे भरले होते. मी म्हटलं, बस एक और, फिर चाय. तिने दार ओढून घेतलं.

मी रेकॉर्ड दाबलं. ती जागा आली. आधी तिचं अगदी बारीक हसू ऐकू आलं आणि मग शब्द — जिथे हवा तिथे. तिथून तिने अख्खं गाणं एका दमात म्हटलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि आधी फाइल सेव्ह केली.

घाम पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “ऐसे पहले ही बोल देते, भैया.”

काय बोललो, मी विचारलं.

“कान में बोला ना आपने. उछल. मैंने सोचा, अलमारी में कहाँ उछलूँ? हँसी आ गई.”

उछल नाही. उचल.

मी लहान असताना बाबा मला मांडीवर घ्यायचे, समोर उशी ठेवायचे, हातात काठ्या द्यायचे. तोंडाने चाल म्हणायचे, आणि माझी वाजवायची जागा आली की त्याच्या जरा आधी कानाशी हळूच म्हणायचे — उचल. म्हणजे काठी उचल. बाबा गेल्यावर हा शब्द मला कुणी म्हटला नव्हता आणि मी तो कुणाला सांगितलाही नव्हता. रितूला तर मराठीचं अक्षरही येत नव्हतं.

आता कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो. माझा आवाज तिच्या हेडफोनमध्ये जायची सोयच नव्हती. माइक एकच, तोही तिच्यासमोर, बंद कपाटात. मी कपाटावर टकटक करून खूण करायचो. रेकॉर्डिंगमध्ये तिचा श्वास आहे, हसू आहे. तो शब्द नाही. संगीत काढून ऐकलं, वायरी बदलून पाहिल्या, माझ्यापेक्षा जाणत्या लोकांना विचारलं. बीटमधलाच एखादा आवाज तिला तसा वाटला असेल, असं ते म्हणतात. असेलही. पण नेमका तोच शब्द, नेमका त्याच जागी?

कॉल सेंटरला मी गेलो. काही वर्षं केलं. सुट्टीच्या दिवशी बीट्स चालू होते. ते गाणं सीडीवरून या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरलं, त्यावरून मला पहिली कामं मिळाली आणि एक दिवस नोकरी सोडली. ते हसू मी गाण्यात तसंच ठेवलंय. लोक विचारतात, ही आयडिया कशी सुचली? मी काहीतरी सांगून टाकतो.

आईचं सांगायचं राहिलं. रितू हे बोलत होती तेव्हा आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. ट्रे टेबलावर ठेवला, रितूला पलंगावर बसवलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, “आवाज़ कैसा था, बेटा? बैठा हुआ था क्या?”

रितू गोंधळली. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं हे तिला कुठून माहीत असणार? शेवटच्या वर्षात त्यांना बोलताच येत नव्हतं. पाणी हवं असलं तरी पाटीवर लिहायचे. आईला शेवटची एकदा नावाने हाक मारायची त्यांची राहूनच गेली होती.

“नहीं आंटी,” रितू म्हणाली. “बिल्कुल साफ़ था. जैसे कोई पास झुक के बोले.”

आईने मान हलवली. तिच्या हातात कप दिला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “साफ होता म्हणे.”

आणि बिस्किटं आणते म्हणून आत गेली. बराच वेळ आली नाही.